शिव्यांची चाळण

क्रांतीनं आयुष्यातलं पहिलं डोकं फोडलं तेव्हा ती नववीत होती. डोकं बर्फवाल्याचं होतं. तिचा भाऊ मोरू, वय वर्षं चार, बर्फाच्या चुऱ्यात हात घालून खेळत होता म्हणून त्या माणसानं पोराच्या कानाखाली आवाज काढला. क्रांतीनं बर्फ फोडायचा ठोकळा उचलला आणि घातला त्याच्या टाळक्यात. बर्फवाल्याला टाके पडले, क्रांतीला आईचा मार पडला, आणि दांडखार गावाला कळून चुकलं की मोरूला हात लावायचा तर आपल्या घरी सांगून निघावं. आज क्रांती अडतिशीची आहे. गावाचं मत बदललेलं नाही.

दांडखार म्हणजे रेवदंड्याच्या अलीकडचं, खाडीच्या तोंडावरचं कोळ्यांचं गाव. खाडीपलीकडे पाखरबंदर. दोन्ही गावांत सोयरिकी, दोन्ही गावांत वैर. ज्या घरातून सून आणायची त्याच घराच्या होडीवर दगड मारायचे, असा कारभार. क्रांतीचा बाप असल्याच एका जाळ्यांच्या भांडणात छातीवर दगड बसून गेला. आठवडाभर रक्त ओकत होता. आई, आवडाबाई, त्यानंतर जेवायची, झोपायची, पण माणसांत अशी परत आली नाही, आणि काही वर्षांनी तीही गेली. मोरू क्रांतीच्या कडेवर आला तो तिथंच वाढला. बापाच्या तेराव्याला तिनं मनाशी पक्कं केलं होतं, हा पोरगा मारामारीत जाणार नाही. घर जाऊ दे, होडी जाऊ दे, मी गेले तरी चालेल. हा नाही.

दुसरी एखादी असती तर तिनं भावाला दर्यापासून लांब ठेवला असता, ठाण्याला मामाकडे धाडला असता. हिचा हिशेब निराळा. मोरूच्या वाट्याला येणारी प्रत्येक मारामारी आपणच आधी उरकून टाकायची, म्हणजे त्याच्यापर्यंत काही शिल्लक राहणार नाही. लिलावात कोणी मोरूच्या पाटीला लाथ मारली की क्रांती हजर. तिचं लग्न झालं होतं मुरुडला. नवरा एकदा जेवताना म्हणाला, त्या भावाला किती दिवस पोसणार, आणि ताट भिरकावलं. हिनं तेच ताट उचलून त्याला त्याच ताटानं बडवला, हात धुतले आणि दुपारच्या एसटीनं माहेरी आली. सासर तिथं संपलं.

"मारामारी माज्याकडं, मासे तुज्याकडं," असं ती मोरूला सांगायची. मोरू हसायचा. त्याचा स्वभावच तो. अंगानं खांब, हातात दोन माणसांचं बळ, पण कोणी आयमायवरून बोललं तरी हा आपला जाळं विणतोय. ज्याची बहीण अशी, त्याला रागवायची गरज काय पडणार? गावातल्या बाया म्हणायच्या, देवानं या दोघांची कवटी बदलली. क्रांतीला ते ऐकून बरं वाटायचं. आपण केलेल्या कामाची पावती मिळाल्यासारखं वाटायचं.

मच्छीमार सोसायटीत ती लागली तीही या हातामुळंच. चेअरमन चांगदेव नाखवा, वय झालेला पण शहाणा माणूस. डिझेलच्या रांगेत रोज गचांड्या धराधरी व्हायची, म्हणून त्यांनी बारावी झालेल्या, कॉम्प्युटर शिकलेल्या क्रांतीला टेबलाशी बसवलं. रांग सुतासारखी सरळ झाली. पुढं कागद कमी झाले आणि सगळं मेलवर यायला लागलं. वादळाचे इशारे, डिझेलचे परवाने, खात्याची परिपत्रकं. शेजारच्या चार सोसायट्यांबरोबर मिळून एक सर्व्हर भाड्यानं घेतला, तो सांभाळायला अलिबागचा सुजित. क्रांती सकाळी ऑफिस उघडायची, जरीमरी देवीला हात जोडायची आणि मेल बघायची.

आता सांगाव्याचं सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. खाडीच्या तोंडाशी कातळाजवळ मासळीची एक वाट आहे. तिथं कोणी जाळं टाकायचं, यावरून दोन्ही गावांचा तंटा आजोबा-पणजोबांपासूनचा. पण तंट्यालाही रीत आहे. दुसऱ्याचं जाळं हटवायचं असेल तर आधी सांगावा धाडायचा, तीन वेळा. तरी जाळं हललं नाही तर खुशाल कापायचं, आणि कापलेल्या जाळ्याचा सूड नाही. सांगावा झाल्यावर जो हात उचलेल त्याच्यामागं त्याचं स्वतःचं गावही उभं राहत नाही. पण न सांगता कापणं म्हणजे चोराची जात. तसल्यांच्या होड्या जाळल्या तरी कोणी बोट दाखवणार नाही. आणि एक, सांगाव्यात शिवी पाहिजेच. सभ्य भाषेत सांगितलं तर कोणी मनावर घेत नाही. "शिवी न्हाय तं सांगावा कसला? हळदीचं बोलावनं झालं ते," असं चांगदेव नाखवा म्हणायचे.

पूर्वी एखादं जुनं माणूस होडीनं पलीकडे जाऊन धक्क्यावरून ओरडून यायचं. मग एका वर्षी पाखरबंदर म्हणालं सांगितलं, दांडखार म्हणालं ऐकलंच नाही, आणि दोन्हीकडची मिळून टेम्पोभर माणसं दवाखान्यात गेली. तेव्हा दोन्ही चेअरमननी बसून ठरवलं, यापुढं तोंडी काही नाही, सांगावा सोसायटीच्या मेलवर. व्हॉट्सअॅप नको, तिथं पोरं त्याला गाणं लावून गावभर फिरवतात. ठरलं खरं, पण पुढं दोन हंगाम मासळी भरपूर लागली आणि कोणाला सांगावा धाडायची वेळच आली नाही. लोक विसरले. क्रांतीही विसरली, आणि विसरायला नको होतं ते नेमकं तिनंच.

झालं काय, एका डिझेलवाल्याला तिनं मापात मारताना पकडलं. पकडलं आणि डिझेलच्या नळीनंच फोडून काढलं. सोसायटीनं त्याचं काम बंद केलं. त्या दिवसापासून सोसायटीच्या मेलवर शिव्यांचा पाऊस सुरू झाला. रोज नवा पत्ता, रोज नवी घाण. आधी क्रांतीला त्याचं काही नव्हतं. कोळणीला शिवीचं काय मोठं? ती वाचायची, चांगली असेल तर मनात ठेवायची आणि पुसून टाकायची. शिवाय लॉटऱ्या, कर्जं, औषधं यांचे मेल होतेच. त्या ढिगातून वादळाचा इशारा शोधायचा म्हणजे जाळ्यातून सुया वेचण्याचं काम.

मग एका सकाळी जो मेल आला त्यात तिचं नाव होतं आणि मोरूचं होतं. बहीण-भावाबद्दल जे लिहू नये ते होतं. क्रांतीनं तो शेवटपर्यंत वाचला. हातातला चहाचा कप तिनं भिंतीवर इतक्या जोरात मारला की बाहेर रांगेतली माणसं दोन पावलं मागं सरली. मोरूनं हे वाचलं तर? मोरूला कोणी हे वाचून दाखवलं तर? ती तशीच उठली, रेवदंड्याहून रिक्षा केली आणि थेट अलिबागला सुजितच्या दुकानात जाऊन उभी राहिली.

सुजित मूळचा पालीचा, गरीब आणि मवाळ पोरगा, बोलणं पुस्तकातलं. त्यानं तिला पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं. म्हणाला, "ताई, तुमच्या मेलबॉक्समध्ये काही करून उपयोग नाही. सर्व्हरवरच, तुमच्या पत्त्यापुरती चाळण बसवू. मेल तुमच्यापर्यंत यायच्या आधीच गाळला जाईल. तीन प्रकारच्या चाळण्या आहेत, तुम्ही निवडा."

"बोल."

"पहिली प्रत्येक मेलला गुण देते. संशयाचे गुण फार झाले की मेल वेगळ्या खणात टाकते. तुम्ही सवडीनं खण उघडायचा, नजर फिरवायची आणि कचरा फेकायचा."

"म्हंजे घान घरातच?"

"घरात, पण कोपऱ्यात."

"आनि ती रोज मीच उपसायची? फुडची सांग."

"दुसरी दारातूनच परत पाठवते. ज्यानं पाठवला त्याला कळतं की मेल घेतला नाही."

यावर क्रांतीनं विचार केला, नाही असं नाही. पण तिचा विचार खाडीकाठचा. शिवी परत करायला गेलं म्हणजे ती आपल्याला लागली, हे समोरच्याला कळणार. डिझेलवाला तिकडं मांडीवर थाप मारणार. "ह्ये न्हाय," ती म्हणाली. "मला झोंबलं हे त्या भाडखावाला मी कशाला कळवू?"

"मग तिसरी राहिली," सुजित जरा चाचरतच म्हणाला. "ही गिळते. आपण शब्दांची यादी द्यायची. त्यातला एक जरी शब्द मेलमध्ये सापडला तर मेल गडप. तुम्हाला कळणार नाही. पाठवणाऱ्याला वाटणार पोचला."

"हां! ही दे." क्रांतीनं टेबलावर थाप मारली.

"ताई, ही मी सहसा कोणाला देत नाही. गिळलेलं परत काढता येत नाही. थोडे दिवस पहिली लावूया. काय काय अडकतंय ते बघू, मग ठरवू."

"तुज्या भनीबद्दल कोनी असं लिवलं आस्तं, तर तू काय काय अडकतंय ते बघत बसला आस्तास?"

तरी सुजितनं आपलं काम केलं, तेवढं श्रेय त्याला दिलंच पाहिजे. "एकदा नीट आठवा," तो म्हणाला, "शिव्या आहेत पण कामाचं आहे, असं काही सोसायटीला येतं का?"

"मंत्रालय काय मला शिव्या घालून परवाना धाडतंय?" क्रांती खदाखदा हसली. सकाळपासून पहिल्यांदा हसली.

मग यादी. ती सांगणार, तो टाइप करणार असं ठरलं, पण चौथ्या-पाचव्या शब्दाला सुजितचे कान लाल झाले आणि बोटं अडखळायला लागली. "ही शिवी आहे?" त्यानं एकदा विचारलं. "तुमच्या पालीत नसंल," ती म्हणाली आणि कीबोर्ड आपल्याकडे ओढला. खाडीच्या दोन्ही काठांवर जेवढं म्हणून तोंडात येतं तेवढं तिनं त्या यादीत घातलं. आईच्या, बापाच्या, जनावरांच्या, अंगाच्या एकेका भागाच्या. तिला मजा येत होती. एकही सुटायला नको, असं तिच्या मनात होतं. एकही सुटली नाही.

त्यानंतर मेल कसा स्वच्छ! परिपत्रक, इशारा, परवाना, बस. चांगदेव नाखवांना तिनं दाखवलं, तेही म्हणाले, वा. क्रांती आठवडेच्या आठवडे खुशीत होती. मोरूनं त्या हंगामात कातळाजवळ नवं जाळं टाकलं होतं आणि महागाची घोळ मासळी लागत होती. घरात नवं कपाट आलं. कुठून तरी मोरूसाठी मुलगी सांगून आली. क्रांतीला वाटलं, सुटले.

अवस झाली त्याच्या दुसऱ्या सकाळी, ओहोटीला, पाखरबंदरच्या चार होड्या कातळाजवळ आल्या आणि त्यांनी कोयत्यांनी मोरूचं जाळं कापायला घेतलं. मोरू होडीत होता, बरोबर एक खलाशी. मोरू आधी ओरडला, "आरं काय करता, काय झालं?" इंजिनांच्या आवाजात कोण कोणाचं ऐकतोय! पलीकडून नुसते हात आणि कोयते हलत होते. पुढच्या होडीवर धनेश होता, पाखरबंदरच्या म्हाताऱ्या ठमाबाईचा पोरगा, मोरूच्याच वयाचा. मोरूनं आपली होडी मध्ये घातली, तसा धनेश उडी मारून मोरूच्या होडीत आला. तीनदा सांगूनही हा माणूस जाळं हलवत नाही, वर आडवा येतो, म्हणजे केवढा माज, असं त्याच्या डोक्यात. त्यानं कोयता चालवला. मोरूचा डावा कान गेला, गाल दाढेपर्यंत उघडा पडला. खलाशी मध्ये पडला, त्याचं मनगट दुसऱ्या कोणीतरी दांड्यानं मोडलं. मोरूच्या तोंडात रक्त भरलं होतं. त्यानं जन्मात पहिल्यांदा हात उचलला. वल्हं हाताला लागलं, ते दोन्ही हातांनी फिरवलं. धनेशच्या कानशिलावर बसलं आणि तो दोन होड्यांच्या मधल्या पाण्यात गेला.

मोरूची होडी धक्क्याला लागली तेव्हा क्रांती ऑफिसातून पळत आली होती. भावाच्या चेहऱ्याची एक बाजू खाली लोंबत होती. तिनं पदरानं ती धरली. गावात डॉक्टर होता, त्यानं टाके घातले. अलिबागला चल म्हटलं तर मोरू ऐकेना. होडीकडंच परत जायला बघत होता.

"न सांगता आले, ताय," तो टाक्यांतून बोलत होता. "चोरावानी आले. न सांगता."

क्रांतीनं काय करावं? जे केलं ते ऐका. ती धक्क्यावर उभी राहिली आणि गाव पेटवलं. "न सांगता मारतात! माज्या भावाचा कान कापला रं, न सांगता! त्यांची एक होडी ठेवू नका. एक फळी ठेवू नका!" माणसं घराघरांतून निघाली. कोयते निघाले, डिझेलचे कॅन निघाले. ठरलं, दुपारच्या भरतीला निघायचं. मोरू म्हणाला, मी पुढं. तो पुढं म्हणाला तेव्हा क्रांतीला बापाचं तेरावं एकदा आठवलं, पण तिनं तिकडं लक्ष दिलं नाही. रागात माणसाला स्वतःचंच वचन ऐकू येत नाही.

मनगट मोडलेल्या खलाशाला अलिबागला न्यायला हवं होतं. ती त्याला रिक्षात घालून घेऊन गेली. दवाखान्याच्या व्हरांड्यात पाऊल टाकलं तर समोर बाकावर ठमाबाई. आत धनेश होता, शुद्ध नव्हती. क्रांतीनं खलाशाचा हात सोडला आणि म्हातारीच्या अंबाड्याला हात घातला.

"न सांगता मारता? रांडंच्यांनो, न सांगता?" तिनं तिला बाकावरून खाली ओढली. नर्स ओरडली, दोन माणसं धावली. ठमाबाई फरशीवर पडली होती, केस मोकळे, आणि खालूनच बोलली. रडत नव्हती. चिडलेली होती.

"तीनदा सांगितलं! आमच्या चेअरमननं मेल केला तवा मी पन तितं उभी व्हते. तुमच्याच नाखवांनी रीत लावली ना, मेल करा म्हनून? पयला गेला, दुसरा गेला, तिसरा अवसेच्या आदल्या दिवशी गेला. 'दांडखारच्या रांडंच्यांनो, कातळाजवलचं जालं अवसेच्या आत काडा, न्हायतर कापून माश्यांना घालू.' हाच शब्द व्हता. शिवी मीच सांगितली. जुनी हाय, माज्या सासऱ्याची. आनि तुमी गप! आमाला कुत्र्याच्याही भावात धरलं न्हाय तुमी!"

क्रांतीचा हात केसांतून सुटला. ती शिवी यादीत होती. तिनंच घातली होती, पहिल्या ओळीतच, स्वतःच्या बोटांनी. पाठवणाऱ्याला वाटणार पोचला. पाखरबंदरला वाटलं पोचला. ती त्या म्हातारीच्या शेजारीच फरशीवर बसली. ठमाबाईला वाटलं, ही पुन्हा मारणार, म्हणून तिनं डोक्यावर हात धरले.

खलाशाला दवाखान्यात सोडून परत येताना रिक्षात तिनं स्वतःच्या मांडीवर इतके गुद्दे मारले की रिक्षावाल्यानं मागं वळून विचारलं, बाय, बरं हाय ना. बरं कुठलं! गप्प बसलं तर भरतीला होड्या निघणार, मोरू पुढच्या होडीत, आणि पाखरबंदर काय झोपलेलं नसणार, धक्क्यावर दगड मांडून बसलेलं असणार. आणि बोललं तर? तर सांगावा झाला होता. तर जाळं रीतीनं कापलं गेलं आणि रीत मोडून हात उचलला तो मोरूनं. मग गाव त्याच्यामागून बाजूला होणार. कोर्टात, पोलिसांत, लग्नाच्या बैठकीत, कुठंच कोणी त्याच्या बाजूनं उभं राहणार नाही. तिनं दोन्ही बाजू पुन्हा पुन्हा घासून बघितल्या. शेवटी एवढंच उरलं की पहिल्यात तो मरतो आणि दुसऱ्यात जगतो.

वाळूवरच्या होड्या पाण्यात उतरल्या होत्या. मोरूचं तोंड पट्ट्यांत गुंडाळलेलं, एक डोळा तेवढा दिसत होता, हातात कोयता. क्रांती लुगड्यानिशी कंबरभर पाण्यात शिरली आणि त्याच्या होडीला आडवी उभी राहिली.

"सांगावा आल्ता," ती म्हणाली.

कोणाला ऐकू गेलं नाही. ती ओरडली, "सांगावा आल्ता! तीन वेळा! मी वाचला न्हाय. शिव्यांचे मेल गिळायचं यंत्र मी लावलं, त्यानं गिळला. त्यांनी सांगितलं व्हतं. चूक माजी हाय."

इंजिनं एकेक करून बंद झाली. चांगदेव नाखवा काठावरून म्हणाले, "काय बोलतेस, पोरी?" तिनं पुन्हा सांगितलं. सगळं, यादीसकट. मग जे व्हायचं ते झालं. ज्या माणसांना तिनं सकाळी पेटवलं होतं ती विझायला कुठं जाणार? मोडलेल्या मनगटाच्या खलाशाचा बाप पहिला पाण्यात उतरला आणि त्यानं तिच्या तोंडावर मूठ घातली. मग कोणीतरी वल्ह्याचा दांडा खांद्यावर घातला. बायांनी केस धरून तिला वाळूवर आणली. तिचा ओठ फाटला, एक दात गेला. ती हात वर करत नव्हती. तिला मनापासून वाटत होतं, मारा, अजून मारा.

मोरूनं होडीतून उडी मारली आणि माणसं दोन्ही हातांनी बाजूला केली. कोणाला मारलं नाही, नुसती बाजूला केली. मग तो तिच्याजवळ वाळूत बसला. कोयता पाण्यातच कुठंतरी पडला होता. चांगदेव नाखवा म्हणाले, "होड्या वर घ्या. सांगावा झाल्ता. आपलं काय देनं-घेनं न्हाय." माणसं होड्या ओढायला लागली. मोरूकडं कोणी बघत नव्हतं. त्याच्या मागं उभं राहणं तिथंच संपलं, हे दोघांनाही समजलं.

क्रांतीला मात्र आतून हलकं वाटलं होतं. फाटल्या ओठानं ती मोरूच्या पट्ट्या नीट करत होती. जगला, असं तिच्या मनात चाललं होतं. काय व्हायचं ते होवो, हा जगला. तेवढ्यात नाखवांचा फोन वाजला. त्यांनी ऐकलं, कानापासून खाली घेतला, आणि जवळ यायलाही त्यांना धीर झाला नाही. उभे होते तिथूनच म्हणाले, "ठमाबाईचा धनेश गेला."

होड्या ओढणारी माणसं थांबली. मोरू स्वतःच्या हातांकडं बघत राहिला, जणू ते कोणीतरी त्याच्याकडं ठेवायला दिले होते. क्रांतीनं ते हात धरले. आयुष्यभर तिनं त्याच्यावर येणारा हात अडवला. त्याचा हात कोणावर जाईल, हे तिच्या कधी ध्यानीमनीही आलं नव्हतं.

पोलिसांची गाडी वरच्या रस्त्याला लागली. मोरूनं ती बघितली, उठला नाही.

"ताय," तो म्हणाला, "मला कळलं आस्तं ना, तर मी काडलं आस्तं गं जालं. दुसरीकडं टाकलं आस्तं. दर्या काय कमी हाय?"

"काडलं आस्तंस," क्रांती म्हणाली.

तो काढणाराच होता. तिच्याएवढं ते कोणाला ठाऊक असणार.